ओरडणारी खुर्ची

आमच्या धाकट्या भावाला आयतं लागतं. गेममध्येसुद्धा. आम्ही दोघं एकाच ऑनलाइन गेममध्ये खेळायचो, आणखी वीस-पंचवीस जणांबरोबर. तिथे छोट्या चिप मिळतात. त्यांच्यात सूचना लिहायच्या, तारा जोडायच्या, की वस्तू आपण म्हणू तशा वागतात. मी दिवसभर दुकानात जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करते, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळते, तेव्हा तारा काही मला नव्या नाहीत. माझी खुर्ची तिथे चांगलीच गाजली होती. कुणी बसलं की ती हळूच चालू लागायची आणि त्याला घेऊन थेट तळ्यात शिरायची. लोक पोट धरून हसायचे.

धाकटा माझ्या वस्तूंची नक्कल उचलायचा आणि स्वतःच्या म्हणून मिरवायचा. एकदा माझं डोकंच फिरलं. मी खुर्चीच्या चिपमध्ये आणखी एक खोडी घालून ठेवली. नक्कल उचलली की मालक म्हणून उचलणाऱ्याचं नाव लागतं. माझं नाव असलं तर खुर्ची गप्प. दुसऱ्या कुणाचं असलं तर तळ्यात शिरताना ओरडणार, "ताईला विचारलंस का?" तो कधी उचलतोय याची काही दिवस वाट पाहिली आणि मग विसरून गेले.

पुढे गेम बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात आली. स्वतः बनवलेलं काहीतरी दाखवा, म्हणत होते. दोन जागा होत्या, म्हणून मीच त्याला म्हटलं, तूही अर्ज कर. त्याची मुलाखत सोमवारी, माझी गुरुवारी. दुकानातल्या त्या वार्निशच्या वासातून सुटायची माझी ही एकच संधी होती. चौतिशीतल्या, पदवी नसलेल्या बाईला कोण बोलावतंय? सोमवारी साहेब नोकरी खिशात घालून, शीळ घालत घरी आले. काय दाखवलंस विचारलं, तर म्हणाला, असंच काहीतरी.

गुरुवारी तिघांसमोर मी खुर्ची चालवली. ती तळ्यात शिरली. कुणी हसलं नाही. चष्मेवाल्या बाई अजून कशाची तरी वाट बघत होत्या.

"तुमची बोलत नाही?"

सोमवारी आलेल्या मुलाची खुर्ची म्हणे ओरडली होती, आणि हे तिघं हसून हसून बेजार झाले होते. ताई म्हणजे कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, खुर्चीचं नाव आहे ते.

"नक्कल बरी केलीत," बाई म्हणाल्या, "पण खरी गंमत त्या ओरडण्यातच होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाचं नाव बदलून दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. बोटं कीबोर्डवरच होती. पण मग त्याची नोकरी गेली असती, आणि आई तीन दिवस सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटली होती. मी लॅपटॉप मिटला. मूर्ख बाई मी, दुसरं काय!

घरी तो नवे बूट घालून बघत होता. माझं काय झालं, हे त्याने विचारलं नाही.

"तू तिथे काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागला.