दुपारी दाबलेली पाठ

शकु त्या तिघींच्या पाठीवर रोज हात दाबायची, आणि रोज त्या कुरकुरत बाजूला सरायच्या. माजावर आलेली डुकरीण पाठ दाबली की कान ताठ करून जागच्या जागी उभी राहते, ढकलली तरी हलत नाही. या तिघींचं मात्र वयात यायचं नाव नव्हतं. नाहूरच्या खाडीकडची त्यांची शेड साथीने रिकामी केली होती. उरला होता एक नर आणि जुन्या डुकरिणीच्या या तीन लेकी. या व्यायल्या नाहीत तर शेडला कुलूप लागणार, हे शकुला स्पष्ट दिसत होतं.

जनावरांची डॉक्टर दर्शना येऊन गेली. "मावशी, उन्हाळ्यात उशीर होतो. दिवस मोठे, त्यात हा उकाडा. इंजेक्शन देते, चार-पाच दिवसांत माज दिसेल. नराला जवळ आणून रोज पाठ दाबून बघा. बघता ना?"

"रोज बघते गं!"

खोटं नव्हतंच ते. पण बघायची कधी? पहाटे नवरा-बायको हॉटेलांचं खरकटं गोळा करत मुलुंड पालथं घालायची. परतेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. तापल्या पत्र्याखाली नरही धापा टाकत पडलेला, आणि या तिघीही. अशा भट्टीत कुणाला कसला माज सुचणार? पण हे डॉक्टरने विचारलं नाही आणि शकुने सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारीही तिघी सरकल्याच.

"वांझ आहेत साल्या," तिचा नवरा भाऊराव म्हणाला. "उद्या खाटकाकडे टाकतो."

वांझ. सासूने हा शब्द शकुला जन्मभर ऐकवला होता. भाऊरावने कधीच नाही, म्हणून आज तो जास्त लागला. "आणखी थोडं थांबा ना हो, पाया पडते तुमच्या," ती विनवत राहिली. भाऊराव बधला नाही. थकला होता तोही.

दुसऱ्या दिवशी खरकट्याची फेरी बुडवून, उजाडताच टेम्पो धोंडू खाटकाच्या दारात लागला. हवेत अजून गारवा होता. पहिली डुकरीण टेम्पोतून उतरायच्या फळीवर येऊन अडली. भाऊरावने तिच्या पाठीवर भार टाकून ढकललं, तरी ढिम्म हलेना. "नाटकं बघ हिची!" म्हणत त्याने काठी हाणली. धोंडूने दोर ओढून तिला आत नेली. शकुने कान गच्च झाकून घेतले.

मग दुसरीची पाळी आली. तिला शेवटचं कुरवाळायला शकुने पाठीवर हात ठेवला. डुकरीण थबकली. शकुने दाबून बघितलं. कान ताठ झाले, पाय रोवले गेले.

"अहो! उभी राहिली! माजावर आलीय ही!"

"काय वेड लागलं काय तुला?"

"या, हात लावून बघा ना!"

भाऊरावने काठी टाकून दोन्ही हातांनी जोर लावला. डुकरीण खांबासारखी उभी. तो फळीकडे बघत राहिला.

"शकु, पहिलीसुद्धा अशीच उभी राहिली होती गं."

आत नळ सुरू झाला. धोंडू फरशी धूत होता.

"वांझ नव्हती ती," शकु म्हणाली, आणि भर रस्त्यात बसून ओक्साबोक्शी रडू लागली.