फुलवंताबाईचं झांजिबार

कोरीटचे चुडामण पाटील तरणेपणी प्रकाशा गावी तापीच्या पुरात उडी घेत, पण बायकोला सुई टोचण्याआधी ते दर वेळी देवाचं नाव घेत. फुलवंताबाईंना मधुमेह होता, कधीही बरा न होणारा. इन्सुलिन मुंबईहून नंदुरबारला येई. ते ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायचं, काचेची पिचकारी उकळायची आणि जेवणाआधी सुई द्यायची. घरातला गूळ चुडामण कुलपात ठेवत.

१९३७ च्या दिवाळीनंतर रतिलालशेठ भेटायला आले. ते फुलवंताबाईंच्या माहेरचे शेजारी, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर त्यांचं कापडाचं दुकान. महिनाभर पाहुणे म्हणून चला, मीच बोटीवर सोबत असेन, असं ते म्हणाले. चुडामण हसले. फुलवंताबाई हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरा विषय काढला नाही. परमुलखात काही झालं तर कोणाला हाक मारायची, असं चुडामणांनी विचारलं, तेव्हा आजार घरीही सुटत नाही, अशा सुरात त्या म्हणाल्या, "घर बसनी तरी दुखनं शेच. मंग समिंदर देखीसन येऊ."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मनाई केली नाही. एवढंच बजावलं, की सुई दिल्यावर जेवण चुकलं आणि घाम फुटला, तर रक्तातली साखर फार उतरलेली असते, लगेच साखर द्या, थांबू नका. चुडामणांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. जे इतकी वर्षं विष म्हणून लपवलं, ते औषध कसं होईल?

नंदुरबारहून सुरत, सुरतेहून मुंबई आणि मग बोट. खलाशांनी औषध बर्फाच्या कोठीत ठेवून घेतलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी समुद्र उसळला. चुडामणांनी नेहमीप्रमाणे सुई दिली, आणि फुलवंताबाईंनी खाल्लेला घासन् घास ओकून टाकला. त्या पडून राहिल्या. बोट लागली असेल, असं चुडामणांना वाटलं.

दुपारी त्यांनी बायकोच्या कपाळाला हात लावला, तर ते थंडगार, घामानं निथळत होतं. फुलवंताबाई डोळे उघडून बघत होत्या, पण ओळखत नव्हत्या. "मन्ही गाय सोडी दी कोनी?" एवढंच म्हणाल्या आणि मान टाकली.

रतिलालशेठ बोटीवरच्या डॉक्टरला आणायला धावले. चुडामण एकटे उरले. त्यांना नंदुरबारच्या डॉक्टरांचे शब्द आठवत होते आणि तरी हात पुढे होत नव्हता. साखर वाढली असेल तर? आपल्याच हातानं जीव जाईल. खाली पाणी, चहूकडे पाणी, आणि बायकोचे ओठ पांढरे पडत चाललेले. त्यांनी शेठची पिशवी उपसली. तिच्यात शेठनी स्वतःसाठी घरून आणलेला गूळ होता. त्यांनी तो पाण्यात कालवला, बायकोला कुशीवर वळवलं, आणि बोटानं थोडा थोडा तिच्या गालाच्या आत चोळत राहिले. "तू जाशी ते मी काय करसू?" असं ते पुटपुटत होते.

किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. बोटीवरचा डॉक्टर खोलीच्या दारात आला तेव्हा फुलवंताबाईंनी ओठ चाटले. मग डोळे नवऱ्याच्या तोंडावर स्थिर झाले.

"गूळ दिधा का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

चुडामण खाली बसले आणि तोंडावर उपरणं धरून रडले.

झांजिबारला उतरताच त्यांनी परतीच्या बोटीची चौकशी केली. फुलवंताबाईंनी साफ नकार दिला. महिनाभर त्या लवंगा वाळत घातलेल्या अंगणांतून हिंडल्या, रतिलालशेठच्या बायकोबरोबर किनाऱ्यावर शिंपले वेचले, गुडघाभर पाण्यात उभं राहून लाटा अंगावर घेतल्या. चुडामण काठावर उभे राहत. समुद्राकडे त्यांचं लक्षच नसे. बायकोचं पाऊल कुठे अडखळतंय का, ते बघत असत.

दोघं सुखरूप परतली. कोरीटच्या बायका विचारायला आल्या, तेव्हा फुलवंताबाईंनी लवंगांच्या वासापासून मोठ्या माशांपर्यंत सगळं सांगितलं. बोटीवरच्या त्या दुपारबद्दल बोलल्या नाहीत. चुडामणही बोलले नाहीत. पण पुढे बायको दिवसा कधी डोळा लागून पडली, की शेतातलं काम टाकून ते आत यायचे, तिच्या कपाळाला हात लावायचे, आणि ते कोरडं असलं तरी बराच वेळ तिथेच बसून राहायचे.