घोंगडीत राहिलेली चाल

मी एक जुनी काळी घोंगडी आहे, मित्रांनो. अजून टोचते. म्हणून माझ्याजवळ फार वेळ बसणारा एकतर मेंढपाळ असतो, नाहीतर त्याला काहीतरी हवं असतं.

हसनाबादच्या धुळाजीने स्वतःच्या मेंढरांची लोकर कातरली, तिची मी झाले. चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताठ केलं आणि पुढे त्याच्या खांद्यावर माझा जन्म गेला. पाऊस मी खाल्ला, थंडी मी खाल्ली. कौतुक मात्र मेंढरांचं झालं. धुळाजीचा डावा पाय अधू होता. चालताना तो जरासा थांबायचा, मग खांदा उडवून पाय ओढायचा. नात मोनिका मागून नक्कल करायची आणि तो खोटं खोटं रागवायचा.

ही मोनिका मोठेपणी नृत्यरचनाकार झाली. म्हणजे ठरलेली पावलं न गिरवता स्वतःची पावलं शोधून नाच बसवणारी. पुण्यात शिकून तिने जालन्याच्या नवीन जालना भागात वर्ग काढला. लोक विचारायचे, लग्नातले नाच बसवता का? ती हो म्हणायची. पोट त्यावरच होतं.

मग धुळाजी गेला. आमच्याकडे मेलेल्याची घोंगडी घरात ठेवत नाहीत. दिवस झाले की दुसऱ्या मेंढपाळाच्या खांद्यावर टाकतात, तेव्हा गेलेला मोकळा होतो. मोनिकाने दुकानातली नवी घोंगडी पुढे केली आणि मला पिशवीत लपवलं.

मला पांघरून तिने नाच बसवला. तीच थांबणारी, पाय ओढणारी चाल. लोक उठून टाळ्या वाजवायचे. जाणकारांनी मला ‘प्रतीक’ म्हटलं. हात मात्र एकानेही लावला नाही. मोठ्या शहरांतून बोलावणी येऊ लागली. पण हळूहळू मला खाली ठेवल्यावरही तिचा डावा पाय ओढला जाऊ लागला. डॉक्टरांना काही सापडेना. वर्गातल्या मुलीही मागोमाग लंगडायच्या. त्यांना वाटायचं, बाईंनी नवीन पाऊल काढलंय. आणि नाचताना माझ्याखाली जो खांदा उडायचा, तो मोनिकाचा नव्हता. तो मला पाठ होता.

जालन्यातल्या प्रयोगाला तिची आजी वच्छलाबाई आली. तिने मला लांबूनच ओळखलं. नाच संपल्यावर ती रंगमंचावर चढली. रागावली नाही.

“मोने, तू नाचून राह्यली न्हाईस. तुझे आबा चालून राह्यलेत.”

मोनिका मला घट्ट धरून म्हणाली, “आजी, आबा गेले तर माझा नाचबी जाईन.”

“जाऊ दे. नाच तुझा असंल तर परत येईन.” मग जेवायला उठवावं तसा आजीने माझ्यावर हात ठेवला. “आवो, उठा आता. पोरीचे पाय पोरीला द्या.”

मी एकदम हलकी झाले. मोनिकाने माझी घडी घातली आणि ती रंगमंच ओलांडून गेली. सरळ चालत. रडत.

तो नाच तिने पुन्हा केला नाही. बोलावणी आटली. ती परत लग्नातले नाच बसवते आणि उरलेल्या वेळात नवी पावलं शोधते, असं ऐकते.

मित्रांनो, गेलेल्यांच्या वस्तू जपा, उन्हात टाका, वापरा; पण त्यांच्यात माणूस कोंडून ठेवू नका. आता मी रीतीप्रमाणे मंठ्याकडच्या भिवा मेंढपाळाच्या खांद्यावर असते. तो अजून लंगडत नाही. मी रोज त्याच्या पायांकडे बघते.