चवीपुरतं

हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या आचाऱ्याने वर्षभरात चौदा किलो वजन उतरवलं होतं. ते पुन्हा चढू नये म्हणून दुपारी तो एक वाटी भात आणि एक वाटी भाजी खायचा, त्याही सपाट, शीग न लावता. तरी तीन महिन्यांत चार किलो परत आले आणि गुडघे कुरकुरू लागले. त्याने वजनकाटा बदलून पाहिला. नवा काटाही तेवढाच खडूस निघाला.

शेवटी भांडी घासणाऱ्या मावशींनी एक रिकामं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"आचारीबुवा, जेवढं चाखाल, तेवढंच यात टाकत चला."

"मी चाखतो कुठे? नुसती जीभ लावतो."

"मग जिभेपुरतंच टाका."

सूप झालं, रस्सा झाला, मिठासाठी एक चमचा झाला आणि मीठ घातल्यावर खात्रीसाठी आणखी दोन झाले. दुपारी जेवायला बसताना त्याने पातेल्यात डोकावलं, तर आत दोन माणसांचं जेवण जमलेलं.

"जेवलात की तुम्ही," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळच्या रस्स्याला उकळी आली. बावीस वर्षांत त्याच्या रस्स्यातलं मीठ दुसऱ्या कुणी ठरवलं नव्हतं. तो बराच वेळ गुडघा चोळत उभा राहिला आणि मग त्याने चमचा मावशींच्या हातात दिला.

"मीठ कमी पडलंय," मावशी चाखून म्हणाल्या.

"शक्यच नाही," तो म्हणाला आणि त्याने न चाखता चिमूटभर मीठ टाकलं.