कोरफडीचं पिवळं सोनं

“दत्तोपंत, आत मुक्कामाले गेले का गा? निघा ना आता!” संडासाच्या दारावर टमरेल वाजवत वामनराव कुरकुरले. त्यांच्यामागे अकरा माणसं पोट धरून उभी. बाहत्तर साली नागपुरात बर्डीमागच्या आमच्या चाळीत एवढी रांग फक्त रॉकेलला लागायची.

“पोट बिघडलं का, वामनराव?” मी विचारलं.

“छे! सहज आलो.”

सहज, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा!

या सहजतेचं मूळ चाळीच्या ओट्यावर बसलेलं होतं. सोनधार महाराज! रोज एका घरी साजूक तुपातलं जेवून ते कोरफडीचं पान उंच धरायचे, बुडाशी कापायचे. पिवळा रस पेल्यात गळू लागला की गर्जायचे, “हिमालयातलं सोनं! पुण्यवानाच्या पोटात ठरते, पाप्याच्या पोटात घडीभर नाही!” स्वतः मात्र ताक प्यायचे. लोक डोळे मिटून तो कडू जहर रस गिळायचे, नंतर संडासाकडे पळायचे. कबूल कोण करणार? हिमालय म्हणजे माझ्या जिन्याखालचा, कोरफड लावलेला डालड्याचा डबा. तिथली पानं रोज कमी होत होती.

मी गप्पच राहिले असते. पण त्या संध्याकाळी जयवंताबाई सुनेला घेऊन आल्या. चारुशीलाला तिसरा महिना, आणि गेल्या वर्षी एक पोटातच गेलेलं.

“महाराज, यंदा टिकू द्या.”

“पाजा तिले! आई पुण्यवान असली तर लेकरू टिकते.”

मी डबाच आणून ओट्यावर आदळला. “हे माझं झाड, महाराज. आणि हे सोनं नाही, सालीखालचा चीक आहे. यानं जुलाब होतात. गरोदर बाईनं तर शिवूही नये, डॉक्टरीणबाईंनी मले बजावून सांगितलं. मी पान कापून उभं ठेवते, चीक गळू देते, साल काढून गर धुते. तो गर पोळल्यावर लावते, केसांले लावते. कोणाले पाजत नाही.”

“नास्तिक बाई! विचार यांना, कोणाले त्रास झाला?”

विचारलं. वामनराव छताच्या तुळया मोजू लागले. दत्तोपंत धोतराचा काठ नीट करू लागले. कुसुमताईंना अचानक दूध उतू गेल्याचं आठवलं.

“चाळीस जणांनी जुलाबाचा रस पिला आणि चाळिसांचं पोट ठीक?” मी म्हटलं. “अहो, आपल्या पोटात काय होते हे आपणच नाही सांगितलं, तर कोणीही येऊन सांगून जाईल! पाप-पुण्य राहू द्या, झालं ते बोला. या पोरीसाठी तरी बोला.”

महाराजांनी भरलेला पेला चारुशीलाच्या हातात दिला. तिने तो ओठांशी नेला.

सोवळ्याओवळ्यावरून चाळीला तीस वर्षं धाकात ठेवणाऱ्या जयवंताबाईंनी झडप घातली. पेला ओट्यावरून घरंगळत थेट महाराजांच्या मांडीत.

“नको पिऊ वं माय! मले कालपासून आठ खेपा झाल्या!”