न मळलेले छत

मी एक जुने छत आहे, मित्रांनो. घराचे नव्हे, बोटीचे. नबीसाबच्या धाकट्या मुलीचे, झीनतचे, लग्न झाले त्याच महिन्यात मला शिवले. म्हणजे जानेवारी २०२३. लग्नाच्या गडबडीत आठ दिवस बंद असलेले दुकान नुकतेच उघडले होते. नबीसाबच्या सदऱ्याला अजून अत्तराचा वास येत होता, आणि त्या वासातच माझ्या कापडाला पहिली कात्री लागली. इतक्या थोड्या वर्षांत कुणी जुने होते का, असे तुम्ही विचाराल. होते. मी वेळेवर जुना झालो नाही, याचीच मला लाज वाटते. तेच सांगायला बसलो आहे.

नबीसाब सोलापुरात रिक्षांचे हूड शिवतात. ट्रॅक्टरवरची छते आणि टेम्पोच्या ताडपत्र्याही शिवतात. बोटीचे काम त्यांच्याकडे कधी आले नव्हते. एके दिवशी जुळे सोलापुरातला वरद नावाचा तरुण मोबाईलमध्ये फोटो घेऊन आला. त्याने परगावाहून एक वापरलेली बोट आणली होती. तिच्यामागे दोर बांधतात, दोराच्या टोकाला धरून माणूस पायात फळी अडकवून उभा राहतो, आणि बोट पळाली की लाटेवरून उड्या मारतो. या खेळाला वेकबोर्डिंग म्हणतात. भीमेच्या धरणाचा फुगवटा जिथे पसरला आहे, तिथे वरदला हा खेळ सुरू करायचा होता. दोर बांधायला बोटीवर ॲल्युमिनियमची उंच कमान होती. त्या कमानीवर छत हवे होते.

वरदबरोबर गोपाळकाका आले होते. साखर कारखान्यावर त्यांनी तीस वर्षे ट्रॅक्टर चालवला होता आणि निवृत्त झाल्यावर बोट चालवायचा परवाना काढला होता. बोट तेच चालवणार होते.

नबीसाबने फळीवर तीन कापडे पसरली. एक काळे, एक खाकी, आणि तिसरा मी, मोतिया रंगाचा. काळे कापड उन्हात तापते, त्याच्याखाली बसवत नाही, असे नबीसाबने आधीच सांगून टाकले. खाकी कापड रिक्षाच्या हुडाचे, जाड, धूळ-तेल सगळे पोटात घेणारे. मी हलका, माझी सावली गार, आणि कडेला निळी पट्टी लावली तर मी फार देखणा दिसणार होतो. दोर कुठे अडकणार नाही, वाऱ्याने छत फुगणार नाही, गरज पडली तर मागे मिटता येईल, या सगळ्याचा विचार झाला. वरद कमानीची मापे वाचत होता. गोपाळकाका मात्र खाकी कापड दोन बोटांत धरून उभे होते.

वरदने मोबाईल माझ्यावर धरला, फोटो काढला आणि म्हणाला की हेच. पाण्यावर हेच उठून दिसेल.

"मळंल की ओ हे," गोपाळकाका म्हणाले.

"मळलं तर धुवायचं, गोपाळभाऊ," नबीसाब हसले. "कापडच हाय. नवरीचा शालू न्हवं."

सगळे हसले. मीही मनात हसलो. खाकी कापडाची गुंडाळी पुन्हा फडताळात गेली, तेव्हा मला वाटले की आपण जिंकलो. आपल्याला निवडले ते आपण सुंदर आहोत म्हणून. छताची निवड सावलीसाठी होते, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही.

नबीसाबने मला दुहेरी शिवण घातली. मिटल्यावर घालायला चेन लावलेली एक निळी गवसणी शिवली. त्या गवसणीत मी इतका नीट बसायचो की जणू माझा जन्मच तिच्यासाठी झाला होता.

शनिवार-रविवार पाहुणे यायचे. तेव्हा मी उघडायचो. माझ्याखाली पुण्याची, सोलापूरची माणसे बसायची, शहाळी प्यायची, फोटो काढायची. संध्याकाळी पाहुणे गेले की गोपाळकाका ओल्या फडक्याने मला पुसायचे. पक्ष्याची एखादी शिट पडली असेल तर नखाने अलगद काढायचे. मग घडीवर घडी घालून गवसणीत सरकवायचे आणि चेन लावायचे. इतक्या मायेने मला कुणी हाताळले नव्हते. पुढच्या शनिवारी वरद आला की म्हणायचा, "काका, अजून नवंच दिसतंय!" काकांचे खांदे जरा वर जायचे, आणि माझीही कड ताठ व्हायची.

उरलेले पाच दिवस शिकाऊ मुलामुलींचा वर्ग असायचा. त्यांना शिकवायला अंकिता नावाची मुलगी होती, पोहण्यात बक्षिसे मिळवलेली. शिकणारा पाण्यात, अंकिता मागे तोंड करून त्याच्यावर नजर ठेवणार, आणि गोपाळकाका सुकाणूच्या चाकाशी. सकाळी आठ ते दुपारी दोन. या पाच दिवसांत पाहुणे नसत, म्हणून मी गवसणीत असायचो. काकांच्या डोक्यावर फक्त एक टोपी आणि गळ्यात ओला पंचा.

मित्रांनो, वरदने काकांना कधीही छत उघडू नका असे सांगितले नव्हते. उघडा असेही सांगितले नव्हते. काकांनी आपल्याच मनाने ठरवले होते की ही मालकाची चांगली वस्तू आहे, आणि चांगली वस्तू रोज वापरायची नसते.

त्यांची बायको लीलाकाकू कधीकधी दुपारची भाकरी घेऊन धक्क्यावर यायची. एकदा तिने काकांची मान पाहिली. उन्हाने कातडी सोलून निघाली होती. ती माझ्या गवसणीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कशापायी बांधलंय हितं? शोभेला?"

"पावण्यांसाठी हाय."

"आन् तुमी?"

"मी काय पावणा हाय व्हय?"

"न्हाय, तुमी कशाला पावणं," ती डबा सोडत म्हणाली. "जावयानं दिलेला पंखा दोन वर्सं झाली खोक्यात हाय. ट्रॅक्टर भंगारात गेला तरी शिटाचा प्लास्टिक निगाला न्हवता. तुमी मेल्यावर लोकं म्हनतील, बाबा लई कोरा करकरीत गेला."

काका हसत हसत भाकरी खाऊ लागले. तीही हसली. मी गवसणीत होतो. मला तिचे बोलणे ऐकू आले, आणि खरे सांगतो, मला तिचा राग आला. मला उन्हात उघडे राहायचे नव्हते. ऊन माझा रंग खाणार हे मला माहीत होते. काकांचाही रंग ते खात होते, याकडे मी पाहिले नाही.

अंकिता पहिल्या उन्हाळ्यात रोज विचारायची, "काका, उघडू का?" काका रोज म्हणायचे, "राहू दे पोरी, मळंल." तिचे हात नेहमी ओले, त्यांना शेवाळ लागलेले. ते हात मला लागू नयेत म्हणून काका स्वतः माझ्या आणि तिच्या मध्ये उभे राहायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने विचारणे सोडून दिले. रोज तेच उत्तर मिळाले की माणूस प्रश्नच विसरतो.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, आठवडाभर झाडाचे पान हलले नाही. बोटीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. काकांना दोनदा भोवळ आली होती. एकदा धक्क्यावर आणि एकदा घरी, अंघोळीच्या वेळी. त्यांनी ते फक्त काकूंना सांगितले आणि त्यांच्याकडून कुणाला न सांगण्याचे वचन घेतले. बोट हातची जाईल अशी त्यांना भीती होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाण्यात एक नवी मुलगी शिकत होती. ती पडली. अंकिताने हात वर करून बोट वळवायची खूण केली. काकांनी बोट वळवली नाही. ती सरळच जात राहिली. अंकिताने हाक मारली. काकांनी मागे पाहिले आणि तिला ट्रॉली लागली का म्हणून विचारले. त्यांना वाटत होते की आपण कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन उभे आहोत.

अंकिताने चाक हातात घेतले, बोट थांबवली. काकांचे अंग तापलेल्या तव्यासारखे होते आणि घामाचा एक थेंब नव्हता. तिने त्यांना बाकावर आडवे केले, त्यांच्या डोक्यावर पाणी ओतले आणि गवसणीची चेन ओढली. चेन अडकली. तिने ती फाडली. मी उघडलो. पाण्यातल्या मुलीला वर घेऊन ती धक्क्याकडे निघाली, तोवर मी काकांच्या अंगभर सावली धरून होतो. बोटीचे काम करायला लागल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी उघडलो होतो.

काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मग अंकिताच्या हिरव्या झालेल्या हातांकडे पाहिले.

"मळलं का गं?" ते म्हणाले.

"नाही काका," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

मी खरोखरच स्वच्छ होतो. पंधरा महिन्यांत माझ्यावर एकही डाग नव्हता. त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती अजून उतरलेली नाही.

तेराव्यानंतर वरद मला घडी करून, धुऊन, काकूंकडे घेऊन गेला. तो ओसरीवर टेकला. म्हणाला की हे बोटीवर बघवत नाही, तुम्ही म्हणाल तर जाळून टाकतो.

काकूंनी मला मांडीवर घेतले. माझी शिवण अंगठ्याने दाबून पाहिली.

"जाळून काय हुतंय? त्यांनी तुमची वस्तू लई जपली, वरद. तुमी कधी सांगितलं हुतं का त्यास्नी, की हे तुमच्यासाठी बी हाय?"

"सुचलंच नाही, काकू."

"मग आता असं करा, की जो कुनी तितं बसंल, त्याला सांगायचीच येळ येऊ नये."

वरद मला तसाच नबीसाबच्या दुकानात घेऊन गेला. त्याने झालेले सगळे सांगितले. नबीसाबने मशीन थांबवले. मग म्हणाले, "रिक्षावाला आला की मी पहिलं विचारतो, दिवसाचे किती तास बसतोस? गोपाळभाऊ हितंच उभे होते. त्यांना विचारलं न्हाय मी. बोटीचे फोटो बघत बसलो."

त्यांनी बोटीवर येऊन माझ्या मिटण्याच्या सगळ्या सांध्यांना बोल्ट मारले आणि चाकाच्या बाजूला दीड हात नवे कापड जोडले. ते खाकी होते. माझ्या मोतिया रंगाला ते शोभत नाही. वारा सुटला तर बोट धक्क्याला आणा, छत मिटू नका, असे त्यांनी वरदला दोनदा बजावले. गवसणीची त्यांनी हत्यारे ठेवायची पिशवी केली.

आता बोट सिद्धू नावाचा माणूस चालवतो. मी रोज त्याच्या डोक्यावर असतो. त्याने माझ्या कडेला हात पुसले आहेत, शेंगाचटणीचे तेल सांडले आहे, दोर बांधताना एक कोपरा फाडला आहे. निळी पट्टी राखाडी झाली. पाहुणे आता माझ्याखाली फोटो काढत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नाही. पण त्यामुळे लाज कमी होते असेही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आमची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. माझी काळजी एका माणसाने फार घेतली. तुमच्या घरात खोक्यात ठेवलेला पंखा असेल, कपाटात घडी मोडू नये म्हणून ठेवलेली घोंगडी असेल, तर आज ती बाहेर काढा. आणि ज्यांना ती वापरायला संकोच वाटतो, त्यांना तोंडाने सांगा की ही तुमच्यासाठी आहे. आपले आपण समजून घेतील म्हणून थांबू नका.

गोपाळकाका ३० एप्रिल २०२४ रोजी, मंगळवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास दवाखान्याच्या वाटेवर वारले. ते एकसष्ट वर्षांचे होते.