रक्तदाब सामान्य

गावची आशा सेविका असलेल्या अनुजानं अवनीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"आक्का, ही सूज चांगली न्हाय. आत्ताच आजऱ्याला दवाखान्यात न्यायची हिला."

आक्का खोबरं किसत होती. लेक पहिलटकरीण, सातवा सरत आलेला, नुकतीच कुरुंदवाडहून माहेरी आलेली. उद्या डोहाळजेवण. सासरची सगळी येणार.

"पोटुशी बाई म्हटल्यावर पाय सुजणारच की! परवा नेतो."

"डोकं दुखतंय का गं, अवनी?"

"जरासं." अवनी आईकडं बघत म्हणाली.

आक्कानं खोबऱ्याच्या हातानंच मोबाइल पुढं केला. "हे बघ. कालच आलाय मेसेज. तपासणी झाली, रक्तदाब सामान्य. सरकार खोटं बोलतंय व्हय? का मोबाइलापरास तुझा अंगठा शाना?"

अवनी खुदकन हसली. हसता हसता तिनं कपाळ दाबून धरलं.

आशाताई भेटी भरतात त्या सरकारी ॲपमध्ये अवनीचं नाव अजून कुरुंदवाडच्या आशाताईकडंच होतं. अनुजानं अंगणात येऊन तिला फोन लावला.

"म्हाईत हाय मला, ती माहेरी गेल्या," पलीकडची म्हणाली. "पण भेट भरली न्हाय तर नाव लाल होतंय, मग वरनं फोनावर फोन. माहेरी बरीच असणार की पोरगी! टाकलं सामान्य. तू टाकत न्हाईस?"

अनुजानं फोन कट केला. आत आली.

"आक्का, ते न बघताच भरलंय. पाया पडते, चला."

"पावणं दारात आल्यावर मी काय सांगू त्यांस्नी? उद्याचं एवढं होऊ दे, बाई."

डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीतच अवनीला झटके आले. ओटीतले तांदूळ गाडीत चढवेपर्यंत सांडत होते. आजरा दिसायच्या आत ती गेली. बाळही.

तिसऱ्या दिवशी आक्काच्या दारातून परतताना अनुजा रस्त्यातच थांबली. त्या कुरुंदवाडच्या बाईला आज सोडायचं नाही, असं ठरवून तिनं मोबाइल काढला. ॲप उघडंच होतं. तिच्या गावची सगळी नावं, एकजात हिरवी. त्यात विश्वजितची बायको, प्रियदर्शनी. बाळंतपणाला नृसिंहवाडीला माहेरी गेलेली. भेट झाली, रक्तदाब सामान्य.

सोमवारी भाकरी थापता थापता अनुजानंच भरलं होतं. स्क्रीनवर पिठाचं बोट अजून होतं.

तिनं ते पदरानं पुसलं आणि वेगळाच नंबर लावला. प्रियदर्शनीच्या आईनं उचलला. मागं बायकांचा हसण्याखिदळण्याचा गलका.

"बोला की, ताई!"

"प्रियदर्शनीचे पाय सुजल्यात का ओ?"

"सुजल्यात थोडं. पण आमाला कसला घोर न्हाय बघा. सगळं ठीक हाय म्हणून मेसेज आलाय की, तुमचाच."